चार वाजताची भूक

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आम्ही अकरा वर्षं काढली. त्यातले तीन महिने मला दिवसादिवसानं आठवतात. बाकीच्या वर्षांतलं कोळशाच्या धुराचा वास आणि दोरीवर काळे पडलेले कपडे, एवढंच उरलंय.

आमचे हे, किशनराव, मालगाडीवर गार्ड होते. पूर्णेहून हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जायचं, तिथं मुक्काम करायचा आणि मिळेल ती गाडी घेऊन परत यायचं. पंचेचाळिशी ओलांडली की गार्डची दरवर्षी डॉक्टरी तपासणी होते. शहात्तर सालच्या कार्तिकात ह्यांची पहिली झाली. सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलेला माणूस दुपारी परत आला तो थेट पलंगावर बसला. बूटसुद्धा काढले नाहीत. वजन शहाऐंशी किलो भरलं होतं आणि लघवीत साखर निघाली होती.

त्या काळी दवाखान्यात काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे आणि रंग बघायचे. निळं ते निळंच राहिलं तर माणूस चांगला. हिरवं झालं तर थोडी साखर, विटेसारखं लाल झालं तर पुष्कळ. ह्यांचं पिवळं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने गाडीवर जायचं नाही, ऑफिसात बसून रजिस्टर लिहायचं. तीन महिन्यांत वजन ऐंशीच्या खाली आलं आणि नळी निळी राहिली तर पुन्हा गाडी मिळेल. नाहीतर कायमचं टेबल. गोड, भात आणि तळलेलं बंद, जेवण बेताचं. आणि मधल्या वेळी तोंडात काय टाकता त्याकडे लक्ष ठेवा, खरा घात तिथं होतो, असंही ते म्हणाले.

खोटं कशाला लिहू, मला पहिल्या दिवशी थोडं बरं वाटलं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यातले निम्मे दिवस हे अकोल्याच्या रनिंग रूममध्ये मुक्कामाला होते. नवरा रोज संध्याकाळी घरी, सासूबाईंना मुलगा रोज समोर. हे सुख आठ दिवस टिकलं.

हे चार वाजता ऑफिसातून सुटायचे. सव्वाचारला दारात. चहा बिनसाखरेचा. तो दोन घोटांत संपायचा. मग शर्ट काढायचा, परत घालायचा. अंगणात जायचं, आत यायचं. पावणेपाचच्या सुमारास अकोल्याकडची मालगाडी सुटायची. तिची शिट्टी झाली की हे ताडकन उठून फाटकापर्यंत जायचे, शेवटचा, गार्डचा ब्रेकचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे आणि परत आले की सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. एक डबा उघड, त्यात बघ, लाव. दुसरा उघड. डब्यांच्या झाकणांचा तो आवाज माझ्या डोक्यात बसला होता. गाडीवर असताना चार वाजता कधी भूक लागली नाही, असं ते स्वतःच सांगायचे, आणि सांगता सांगता तिसरा डबा उघडायचे.

त्यांच्या पायांबरोबर माझेही पाय हलायला लागले. मी तांदूळ निवडायला बसायची आणि मध्येच उठायची. सासूबाई जपाची माळ खाली ठेवायच्या. एका माणसाचं गाडीवरचं काम गेलं आणि घरातल्या तिघांनाही एका जागी बसता येईना.

इलाज सासूबाईंनी काढला. त्या म्हणाल्या, उपास वाढवू. उपासानं अंग हलकं होतं, पुण्यही लागतं. मला ते लगेच पटलं, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. सोमवार हे धरतच होते. त्याला गुरुवार जोडला, शनिवार जोडला, दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी होतीच. आठवड्यातले चार दिवस कधी कधी उपासाचे भरायचे. ह्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं.

आता माझा हात उपासाच्या पदार्थांना चांगला होता, हे माझं मीच सांगते. साबुदाणा असा भिजवायची की दाणा दाण्याला चिकटायचा नाही. वरून दाण्याचं कूट सढळ, साजूक तूप, जिरं, मिरची. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याचा कीस किंवा गूळ घालून केलेला दाण्याचा लाडू, सोबत दूध. वसमतकडची केळी स्टेशनात उतरायची, ती दोन. हे पोटभर खायचे, त्या दिवशी डबे उघडायचे नाहीत, आणि मला वाटायचं, बघा, देवानं भूकसुद्धा कमी केली.

मार्गशीर्षात महिन्याची तपासणी झाली. वजन साडेसत्त्याऐंशी आणि नळी लाल.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून एवढंच विचारलं की घरी पथ्य आणि बाहेर काय?  हे घरी आले, तेवढं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला मात्र तो प्रश्न चावला. घरात तर माणूस चार चार दिवस उपाशी, मग वजन वाढतं कुठून? स्टेशनाच्या बाहेर आश्रुबाचा भज्यांचा गाडा होता. ऑफिसातून क्वार्टरकडे यायची वाट त्याच्यावरूनच. मी त्या रात्रीपासून ह्यांच्या शर्टाचा वास घ्यायला लागले. खिसे चाचपायला लागले. एकदा खिशात तेलकट कागद सापडला, तर तो इंजिनाच्या तेलाचा निघाला.

शेवटी एका दुपारी मी डोक्यावर पदर घेऊन थेट गाड्यावर गेले आणि विचारलं. आश्रुबा झाऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "महिना झाला की वो बाई, साहेब इकडं फिरकलेच न्हाईत. उलट मान खाली घालून पळत्यात, जसं काय मी उधारीच मागणार हाय."

तिथं चहा पिणारे चार लोक होते. सव्वाचारला हे घरी आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तू माझ्यावर पहारा ठेवायलीस?" आणि चहा न घेता पुन्हा बाहेर गेले. पावणेपाचची गाडी गेली, दिवे लागले, तरी आले नाहीत. आले ते न जेवता झोपले. त्या वेळी मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. हा माणूस टेबलावर बसला तर असाच होणार, हे मला दिसलं. तीनातला एक महिना गेला होता आणि आम्ही सुरुवातीच्याही मागे होतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी मागच्या अंगणात दाणे भाजत बसले होते. आमच्या आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये छातीएवढी भिंत होती. पलीकडे कुसुमबाई राहायच्या. त्यांचे मालक लिंबाजी लोको शेडमध्ये फिटर होते. मूळ पालमकडचे, बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झालेलं घर. सुरुवातीपासून शेजार होता, बोलणं रोजचं होतं, पण त्यांच्याकडून भाजीची वाटी आली तर सासूबाई ती आत घेऊ देत नसत. वाटी रिकामी करून, धुऊन, त्यात काहीतरी घालून मी परत द्यायची. आतलं गाईला जायचं. कुसुमबाईंना ते माहीत होतं असं मला आता वाटतं. तरी वाटी येत राहिली.

त्यांनी भिंतीवर कोपर टेकून विचारलं की आज काय काय चाललंय. मी सांगितलं. खिचडी झाली, कीस व्हायचाय, लाडवाला दाणे भाजतेय. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, राग नका मानू. तुमच्या एका उपासाला जेवढं लागतंय ना, तेवढ्यात आमच्या घरी सण होतोय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"डॉक्टरनं भात बंद केलाय म्हन्ता. मग साबुदाना कशाचा हाय? साखर बंद केली, अन् गूळ? भाऊ बिचारे देवाचं म्हनून खायलेत, अन् तुमी भज्यावाल्याला धरायलात."

कढईतले दाणे करपले. मी स्टोव्ह बंद केला आणि तिथंच बसून राहिले. मनातल्या मनात एका आठवड्याचं तूप मोजलं, कूट मोजलं, केळी मोजली. पुढं मोजवेना. मी ह्यांच्या खिशात शोधत होते आणि लाल रंग माझ्याच कढईतून निघाला होता.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. आश्रुबाकडे गेले ते माझं चुकलं म्हटलं, उपासाबद्दलही म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं एकदोनदा." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "खिचडी लय चांगली होत होती."

त्या दिवशी महिन्याभरानं आम्ही दोघं हसलो. पण हसून नळी निळी होणार नव्हती. उपास सोमवारचा एकच ठेवायचा आणि तोही ताकावर, असं ठरलं. जेवणाला ज्वारीची एक भाकरी, भाजी, वरण. ते जमलं. प्रश्न चार वाजताचाच होता.

पहिले आठ-दहा दिवस मी जे हाताला लागेल ते देऊन बघितलं. काकडी दिली, ती पाच मिनिटांत संपली आणि अर्ध्या तासात पुन्हा डब्यांची झाकणं वाजली. चुरमुरे भिजवून त्यांचा सुशीला केला, फोडणीला तेल अगदी थेंबभर. ह्यांनी परातभर खाल्ला आणि म्हणाले, पोटात वारा भरल्यासारखं वाटतंय. ज्वारीच्या लाह्या दिल्या, त्या बकाणे भरून गेल्या. नुसतं ताक दिलं तर दोन तांबे पिऊन फाटकाकडे निघाले. एका संध्याकाळी गुळाच्या डब्यात हात घातलेला मी बघितला. त्यांनीही मला बघितलं. हात बाहेर काढला, बोटं धुतली आणि अंगणात गेले. मी गुळाचा डबा उचलून कुसुमबाईंकडे ठेवायला दिला.

कुसुमबाई म्हणाल्या, डबा ठेवते, पण त्यानं काय होणार. त्यांनी ह्यांना भिंतीवरून रोज बघितलं होतं. म्हणाल्या, "भाऊंच्या पोटाला काम न्हाई लागत, हाताला लागतंय. आठरा वर्सं हातात झेंडा होता. आता चार वाजले की हात रिकामा, मग डब्यात जातोय."

त्याच आठवड्यात त्यांचे सासरे पालमहून बसनं आले, ते हरभऱ्याच्या ढाळ्याची मोठी पेंढी घेऊन. ओले हिरवे घाटे, मुळासकट उपटलेले. कुसुमबाईंनी अर्धी पेंढी भिंतीवरून माझ्याकडे दिली आणि सांगितलं, सोलून देऊ नका. तशीच पुढ्यात टाका.

मी ती पायरीवर टाकली. ह्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, खायचं. ते बसले. एक घाटा तोडायचा, दाबून फोडायचा, आतून एक दाणा निघायचा, कधी दोन, कधी नुसतीच हवा. बोटं आंबट व्हायची. पावणेपाचची शिट्टी झाली तेव्हा हे उठले, पण हातात डहाळी घेऊन उठले. फाटकात उभे राहून गाडी बघत सोलत राहिले आणि परत येऊन पुन्हा पायरीवर बसले. सहा वाजले तरी पेंढी निम्मी शिल्लक होती. पोटात गेले ते मूठ-दोन मुठी दाणे. त्या दिवशी एकही डबा उघडला गेला नाही. मी आतून कान देऊन बसले होते, म्हणून सांगते.

मग मला वाट सापडली. जे पटकन गिळलं जातं ते चार वाजता द्यायचं नाही. ढाळे होते तोवर ढाळे. मग भाजलेले फुटाणे, सालासकट, वाटीत मोजके, साल ह्यांनी काढायचं. बोरं, बिया थुंकायला लावणारी. पेरू न कापता. आणि सगळ्यात पोटाला आधार देणारी मोड आलेली मटकी, फक्त वाफवलेली, वर कांदा आणि लिंबू. ती मला जमत नव्हती, एकतर कच्ची राहायची नाहीतर लगदा व्हायचा. कुसुमबाईंची बरोबर व्हायची. एक दिवस त्यांनी करून वाटी भिंतीवर ठेवली, मी ती आत आणली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. सासूबाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, कुठली. मी म्हटलं, कुसुमबाईंची. हे तोवर खायला लागले होते. सासूबाई उठून देवघरात गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्याच वाटीतली मटकी स्वतः खाल्ली, त्यांच्यासमोर. इतकी वर्षं गाईला घातलेलं मला त्या वेळी आठवलं.

दर रविवारी सकाळी हे पार्सल ऑफिसातल्या काट्यावर उभे राहायचे, केळीच्या करंड्या आणि कापडाच्या गाठींच्या मध्ये. लिंबाजी सोबत जायचे आणि आकडा भिंतीवरून सांगायचे. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग संक्रांतीचा तिळगूळ मध्ये आला आणि दोन आठवडे काटा हललाच नाही. ब्याऐंशी. माघ संपत आला तेव्हा साडेऐंशी होते आणि तपासणीला पाच दिवस राहिले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी नेमकी महाशिवरात्र आली.

ह्यांनी लहानपणापासून ती कधी मोडली नव्हती. मोडायची नव्हतीच, नुसत्या ताकावर राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळ गेली, दुपार गेली. चार वाजले. सुट्टीमुळे हे घरीच होते आणि सकाळपासून अंगणात येरझारा घालत होते. सासूबाईंनी ताट आणलं. भगर, दाण्याची आमटी, खिचडी, वर तुपाची धार, आणि कडेला दोन लाडू. ताट ह्यांच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, वर्षाचा दिवस आहे, घासभर तरी खा. ह्यांनी ताटाकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवरून उठलेला मला दिसला.

अठरा वर्षांत मी सासूबाईंच्या शब्दाला त्यांच्या मुलासमोर उत्तर दिलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्याबाई, उद्या टेबल मिळालं तर हे मरेपर्यंत असेच येरझारा घालतील. तुमच्यासमोर. रोज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे बघितलं, त्याच्या पायांकडे बघितलं. ते बसल्या जागीही हलत होते. त्यांनी ताट उचललं. "मग मी बी न्हाई खात," म्हणाल्या आणि आत जाऊन झाकून ठेवलं.

मग मीही खाल्लं नाही. तिघंही उपाशी, तिघंही एकमेकांवर चिडलेले. हे अंगणात, सासूबाई देवघरातून स्वयंपाकघरात आणि परत, मी दारात. दिवेलागणीला तिघांनी ताक घेतलं. त्यावर झोपलो.

सकाळी नऊला हे दवाखान्यात गेले. मी भाकरी केल्या, मटकी वाफवली. अकरा वाजले. बारा वाजले. भाकरी गार झाल्या. मी तीनदा भिंतीपाशी जाऊन कुसुमबाईंना विचारलं, त्यांना तरी काय माहीत असणार. एक वाजता सासूबाई म्हणाल्या, बहुतेक नापास झाला, तोंड दाखवायला लाजत असेल. मला तेच वाटत होतं, पण त्यांनी म्हटल्यावर राग आला. दीडला कुठलीतरी गाडी सुटली. तिच्याकडे आमचं लक्षही नव्हतं.

दोन वाजता लिंबाजी शेडमधून तसेच काळ्या हातांनी आले. भिंतीपलीकडूनच म्हणाले, "वहिनी, नळी निळी. वजन पावणेऐंशी. साहेब गेले."

कुठं गेले, हे मी दोनदा विचारलं. दीडच्या मालगाडीला गार्ड मिळत नव्हता. डॉक्टरांचा कागद घेऊन हे ऑफिसात पोचले तेव्हा गाडी उभीच होती. ह्यांची झेंडे-कंदिलाची पेटी तीन महिने तिथंच कोपऱ्यात पडून होती. तिच्यावरची धूळ झटकली आणि चढले. डबा नाही, अंथरूण नाही, जेवलेले नाहीत.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र पायरीवर बसले आणि मला रडू आलं, आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. तीन महिने ह्यांच्या तोंडात जाणारा घास न् घास मी बघितला होता. आता वाशीमला गाडी तासभर थांबणार, समोर भज्यांचा घाणा, पोटात कालपासून ताकाशिवाय काही नाही, आणि मी इथं. डॉक्टर पुढच्या वर्षी पुन्हा नळी उकळणार होते. दोन दिवस मी घरात तशीच फिरत राहिले, आणि चार वाजले की डब्यांपाशी जाऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे आले. चेहरा उन्हानं तांबूस झालेला, आवाज मोठा. पायरीवर बसून बुटाचे बंद सोडायला लागले. मी पाणीसुद्धा दिलं नाही. विचारलं, "काय खाल्लं?"

म्हणाले, हिंगोलीला ताक मिळालं. वाशीमला उतरलो. घाणा नुकताच निघाला होता.

"मग?"

"मग पेरू घेतले. चार. अकोल्यापर्यंत पुरले."

 त्यांनी दुसऱ्या बुटाचा बंद सोडला.

"अन् दोन भजी."

"दोनच?"

"तिसरं उचललं होतं. परत ठेवलं. तो भज्यावाला लय बोलला मला."

त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. मी आत गेले, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि बंबात दोन लाकडं सरकवली. ह्यांना त्याच दिवशी दुपारची गाडी लागली होती. डबा करायला माझ्याकडे पाच तास होते, आणि मटकी भिजत घातलेली नव्हती, म्हणून मी फुटाण्यांची पिशवी शोधायला लागले.